गँडरच्या तळावर अडतीस विमाने

श्रोतेहो, ज्यांच्या घरी पृथ्वीचा गोल असेल त्यांनी एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक न्यूयॉर्कवर व दुसरे लंडनवर धरावे आणि तो ताणून पाहावा. सपाट नकाशावर ही दोन शहरे जोडणारी रेघ अटलांटिक महासागरातून जवळजवळ आडवी जाते; गोलावरचा दोरा मात्र तसा जात नाही. तो अमेरिकेच्या किनाऱ्याच्या कडेकडेने ईशान्येस चढतो आणि अथांग पाण्यात शिरण्यापूर्वी एका शेवटच्या भूमीवरून जातो. ती भूमी म्हणजे न्यूफाउंडलंडचे बेट. आपल्या महाराष्ट्राचे तीन भाग केले तर त्यांतील एका भागाएवढे हे बेट आहे, पण वस्ती अवघी पाच लाखांच्या आसपास. खडक, दलदल, सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये, आणि किनाऱ्याला धरून मासेमारांची लहान लहान गावे. या बेटाचे घड्याळदेखील शेजाऱ्यांहून अर्ध्या तासाने वेगळे चालते. आपलेही घड्याळ अशाच अर्ध्या तासाचे असल्यामुळे आपल्याला त्याचे विशेष नवल वाटू नये.

याच बेटाच्या अंतर्भागात, किनाऱ्यावरचे धुके जेथे सहसा पोचत नाही अशा एका पठारावर, १९३६ साली एक विमानतळ बांधावयास आरंभ झाला. तेथे गाव नव्हते. जुन्या अरुंद रेल्वेच्या मार्गावर २१३ क्रमांकाचा मैलाचा दगड होता आणि ‘हॅटीज कँप’ नावाचे लाकूडतोड्यांचे ठाणे होते. जवळच्या सरोवराचे नाव गँडर. इंग्रजीत गँडर म्हणजे नर हंस. आकाशात उडणाऱ्यांच्या तळाला एवढे साजेसे नाव मुद्दाम शोधूनही मिळाले नसते. ११ जानेवारी १९३८ रोजी तेथे पहिले विमान उतरले. त्या काळी महासागर ओलांडणारी विमाने बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि तळ मात्र चार फरसबंद धावपट्ट्यांचा व जगातील सर्वांत मोठा! अशा अरण्यात एवढा खर्च करणाऱ्यांना लोकांनी वेडे ठरविले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

पुढे दोनच वर्षांत या वेडाचा उपयोग दिसून आला. महायुद्ध सुरू झाले होते आणि इंग्लंडला विमाने हवी होती. ती जहाजांतून पाठवावी तर पाणबुड्यांचे भय. तेव्हा १० नोव्हेंबर १९४० च्या रात्री डी. सी. टी. बेनेट या वैमानिकाच्या नेतृत्वाखाली सात हडसन विमाने गँडरहून उडाली, आणि सातही उत्तर आयर्लंडमध्ये सुखरूप उतरली. त्यापूर्वी हिवाळ्यात हा समुद्र विमानाने ओलांडणे म्हणजे आत्मघात समजत. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत हजारो विमाने या वाटेने गेली. युद्धानंतर सैनिकांची जागा उतारूंनी घेतली. पंख्यांच्या विमानांना न्यूयॉर्कहून एका दमात युरोप गाठता येत नसे, म्हणून पुष्कळांना गँडर येथे इंधनासाठी थांबावे लागे. राजेरजवाडे, मुत्सद्दी, सिनेमातील नटनट्या यांनी मध्यरात्री, डोळे चोळीत, तेथे कॉफी घेतलेली आहे. १९५९ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते नवी इमारत उघडण्यात आली. तिच्या प्रतीक्षालयात केनेथ लॉकहेड या चित्रकाराने काढलेले उड्डाणाचे भले मोठे भित्तिचित्र आजही आहे. गावातील रस्त्यांनाही विमानविद्येतील नामांकितांची नावे दिलेली आहेत.

परंतु दैवाचा खेळ असा, की इमारत उघडली आणि जेट विमाने आली. त्यांना मधल्या विसाव्याची गरज उरली नाही. घाट फोडून बोगदा झाला म्हणजे घाटमाथ्यावरच्या चहाच्या दुकानाची जी गत होते तीच गँडरची झाली. पूर्वेकडील साम्यवादी देशांची हवानाला जाणारी विमाने तेवढी काही वर्षे थांबत राहिली. त्यांतून उतरून परत न चढणारे, म्हणजे आश्रय मागणारे, लोकही पुष्कळ असत. क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो १९७६ साली येथे अडकले असता बर्फावरील घसरगाडीवर बसून घसरले, ही हकीकत गावात अजून हसून सांगतात. बाकी तळ शांत झाला. महासागराच्या पश्चिम भागावरील विमानांचे नियंत्रण तेवढे गँडरच्या केंद्राकडे राहिले, आणि ते आजही आहे. त्यामुळे अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकांना गँडर हे गाव नसून कानावर येणारा एक आवाज असतो. आपला ठावठिकाणा सांगावयाचा, उंची विचारून घ्यावयाची, आणि पुढे जावयाचे. खाली कोण राहते, काय खाते, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही.

कप्तान बेव्हर्ली बास यांनाही ते पडले नव्हते. ११ सप्टेंबर २००१ या दिवशी त्या पॅरिसहून टेक्सासमधील डॅलस येथे जाणारे अमेरिकन एअरलाइन्सचे ४९ क्रमांकाचे विमान चालवीत होत्या. विमान बोइंग ७७७ जातीचे; आत दीडशेहून अधिक उतारू.

या बाईंची पूर्वपीठिका सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्या मूळच्या फ्लॉरिडातील. लहानपणापासून उडण्याचा ध्यास. पण त्या काळी मोठ्या विमान कंपन्या स्त्रियांना दारातही उभे करीत नसत. बासबाईंना पहिले काम मिळाले ते मृतदेह वाहून नेण्याचे. छोट्या विमानात प्रेत ठेवावयाचे आणि ते त्याच्या गावी पोचते करावयाचे. पुरुष वैमानिकांना नकोसे वाटणारे हे काम त्यांनी आनंदाने पत्करले, कारण त्यात उडावयास मिळत होते, आणि हे उतारू चालक स्त्री आहे म्हणून कुरकुर करणारे नव्हते. १९७६ साली अमेरिकन एअरलाइन्सने त्यांना घेतले. त्या कंपनीतील त्या तिसऱ्या स्त्री-वैमानिक. १९८६ साली त्या तेथील पहिल्या स्त्री-कप्तान झाल्या आणि त्याच वर्षी सर्व कर्मचारी स्त्रियाच असलेले जेट विमान त्यांनी नेले. पंचवीस वर्षे ज्या बाईने विमानावर असे प्रेम केले, तिच्या कानावर त्या दिवशी काय पडावे?

समुद्राच्या मध्यावर असताना निरनिराळ्या विमानांचे चालक एका ठराविक लहरीवर आपसांत बोलत असतात. कोठे हवा खवळली आहे, कोठे निवांत आहे, अशा गोष्टी सांगतात. त्या लहरीवर कोणी म्हणाले, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर एक विमान आदळले. एखादे लहानसे विमान असेल, चालक चुकला असेल, असे बासबाईंना आणि त्यांच्या साथीदाराला वाटले. थोड्या वेळाने दुसरे आदळल्याची बातमी आली. मग एक शब्द ऐकू आला, ज्याला पुढे सारे जग सरावले : दहशतवाद. मग न्यूयॉर्कचे आकाश बंद झाले, आणि त्यानंतर संपूर्ण अमेरिकेचे. असे अचानक पूर्वी कधी झाले नव्हते. अमेरिकेच्या भूमीवर त्या वेळी चार हजारांहून अधिक विमाने हवेत होती. त्यांना मिळेल त्या तळावर उतरविण्यात आले. पण जी समुद्रावरून येत होती त्यांनी काय करावे? ज्यांच्याजवळ परत फिरण्याइतके इंधन होते ती युरोपास फिरली. बाकीची दोनशेहून अधिक विमाने कॅनडाने आपल्याकडे घेतली. त्यांतील कोणत्या विमानात आणखी मारेकरी दडलेले आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसताना कॅनडाने ती घेतली, ही गोष्ट विसरता कामा नये. मोठ्या शहरांपासून ती शक्य तितकी दूर ठेवावीत म्हणूनच पुष्कळशी पूर्वेकडील तळांवर उतरविण्यात आली. गँडरच्या वाट्यास अडतीस आली.

बासबाईंना नियंत्रकांचा हुकूम आला : तत्काळ गँडरला उतरा. उतारूंना काय सांगावे, हा प्रश्न होता. खोटे सांगता येत नाही, आणि सगळे सांगितले तर बंद डब्यात दीडशे माणसे भयाने वेडी होतील. अमेरिकेत संकट ओढवले आहे, तेथील सर्व आकाशमार्ग बंद झाले आहेत, आपण न्यूफाउंडलंडमध्ये उतरत आहोत, उतरल्यावर अधिक सांगेन, एवढेच त्यांनी सांगितले. अडतीसांत त्यांचे विमान छत्तिसावे. खाली पाहतात तो त्या ओसाड तळावर जगातील निम्म्या कंपन्यांची प्रचंड धुडे शेपटास शेपूट लावून उभी! सुमारे दहा हजार वस्तीच्या गावी एका दिवसात साडेसहा हजारांहून अधिक पाहुणे आले होते.

उतारूंना लगेच खाली येऊ देणे शक्य नव्हते. एकेक विमान रिकामे करावयाचे, प्रत्येक माणसाची झडती घ्यावयाची, कागदपत्रे पाहावयाची, मग पुढच्या विमानाकडे वळावयाचे. तपासणारे थोडे आणि तपासावयाचे फार. बासबाईंच्या उतारूंनी ती सबंध रात्र विमानातच काढली. पॅरिस सोडल्यापासून त्या विमानातील मंडळी एकूण अठ्ठावीस तास आत होती. आजच्यासारखे खिशात दूरध्वनी त्या वेळी सर्वांजवळ नव्हते, आणि ज्यांच्याजवळ होते त्यांचेही बहुधा लागत नव्हते. औषधे संपत आली, मुले रडू लागली, सिगारेट ओढणारे कासावीस झाले. आणि बाहेर, काचेपलीकडे, अंधारात विमानांची रांग. चालकाच्या खोलीत बसून त्या बाईंनी ती रात्र कशी घालविली असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. ज्या यंत्रावर जन्मभर विश्वास टाकला त्याचाच कोणी बाँबगोळा केला होता. पेंटॅगॉनवर जे विमान आदळविले गेले ते त्यांच्याच कंपनीचे होते आणि त्याचे कप्तान चार्ल्स बर्लिंगेम हे त्यांचे स्नेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली उतरल्या आणि विमानतळाच्या इमारतीत शिरल्या. या आठवणीपाशी त्या आपल्या भाषणांत नेहमी थांबतात. आत टेबलांच्या रांगा लावलेल्या होत्या आणि त्यांवर अन्न मांडलेले होते. विकत आणलेले नव्हे, घरोघरी शिजविलेले. गावातील बाया रात्रभर चुलीपाशी उभ्या होत्या. कोण येणार, कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माचे, किती दिवसांसाठी, यांतले काहीही ठाऊक नसताना त्यांनी कालवणे, पाव, केक यांचे ढीग रचले होते.

आपल्याकडे आषाढीच्या वारीच्या वाटेवर ज्यांनी काही दिवस घालविले असतील त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. दोन-चार हजारांच्या गावात दिंड्या उतरतात आणि एका रात्रीत गाव जेवू घालते. मात्र वारकरी दरवर्षी त्याच तिथीस येतो, त्याची वाट पाहिलेली असते, आणि त्याच्या मुखी जे नाम ते यजमानाच्याही मुखी असते. गँडरला यांतील कोणतीच सोय नव्हती.

तेथे व्यवस्था कशी लागली हे सांगण्यासारखे आहे, कारण नुसत्या मायेने साडेसहा हजार माणसे जेवत नाहीत. नगराध्यक्ष क्लॉड इलियट यांनी आणीबाणी पुकारली. गावात हॉटेलांच्या खोल्या सुमारे पाचशे. त्या सर्व वैमानिक व विमानसेवकांसाठी राखून ठेवण्यात आल्या, कारण आकाश खुले होताच त्यांना विमान चालवावयाचे होते आणि थकलेल्या चालकाच्या हाती विमान देता येत नाही. उतारूंसाठी शाळा, महाविद्यालय, प्रार्थनामंदिरे, निरनिराळ्या मंडळांची सभागृहे उघडली गेली. तीही पुरेनात, तेव्हा गँबो, लुइसपोर्ट, अ‍ॅपलटन, ग्लेनवुड, नॉरिस आर्म या आसपासच्या गावांनी वाटा उचलला. उतारूंना न्यावयाचे कसे? शाळेच्या बसगाड्या होत्या, पण त्यांचे चालक नेमके त्याच दिवसांत संपावर होते. त्यांनी फलक खाली ठेवले आणि गाड्या काढल्या. अन्न इतके गोळा झाले की ते ठेवावयास शीतगृह पुरेना. मग बर्फावरच्या हॉकीचे मैदान हेच शीतगृह झाले.

सामानसुमान सारे विमानांच्या पोटात अडकले होते. माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली होती. गावकऱ्यांनी पांघरुणे दिली, कपडे दिले, मुलांचे लंगोट दिले, घरी नेऊन स्नानाला गरम पाणी दिले. नभोवाणीवरून अमुक ठिकाणी अमुक वस्तू हवी असे सांगावे, आणि थोड्या वेळाने आता आणू नका, जागा नाही, असे सांगावे लागावे! औषधविक्रेत्यांचे काम विशेष अवघड होते. एकच औषध निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावाने विकले जाते. तेव्हा त्यांनी जगभरच्या डॉक्टरांना व औषधालयांना दूरध्वनी करून कोणाला काय चालते याची खात्री करून घेतली आणि औषधे दिली, पैसे न घेता. टेलिफोन कंपनीने आपल्या कचेरीबाहेर टेबले मांडून त्यांवर दूरध्वनी ठेवले. ज्याला जगात जेथे बोलावयाचे असेल तेथे त्याने फुकट बोलावे.

मुकी जनावरेही होती. विमानांच्या पोटात पिंजऱ्यांत कुत्री, मांजरे आणि अमेरिकेतील ओहायो प्रांताच्या प्राणिसंग्रहालयाकडे निघालेले बोनोबो जातीचे दोन वानर. माणसांच्या गडबडीत त्यांची आठवण सरकारी मंडळींना नव्हती. ती गावातील प्राणिदया मंडळाच्या बाईला झाली. ती आणि तिच्या सहकारिणी त्या अंधाऱ्या कोठारांत सामानावरून सरपटत शिरल्या, पिंजरे धुतले, पाणी पाजले, आणि शेवटी सर्व जनावरांना खाली उतरवून घेण्याची परवानगी मिळविली.

हे सारे करणारे लोक कोण होते? सुखवस्तू नव्हते. न्यूफाउंडलंडचे जीवन चार शतके कॉड नावाच्या माशावर चालले. तो समुद्रातून इतका उपसला गेला की १९९२ साली सरकारला ही मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसे एका दिवसात बेकार झाली. घरोघरची तरुण मुले पोटासाठी दूर निघून गेली. पाहुणे आले ते या बंदीनंतरच्या नवव्या वर्षी. ज्यांच्या घरातली माणसे परगावी कोणाच्या तरी आसऱ्यावर राहत होती, त्यांनी दार उघडताना फार विचार केला नाही, असे म्हणता येईल. पण तसे म्हणणे हेही आपणच काढलेले अनुमान. पैसे देऊ करणाऱ्यांना त्यांचे एकच उत्तर असे, की आमच्यावर अशी वेळ आली असती तर तुम्हीही हेच केले असते. यात सौजन्य किती आणि माणसांची पारख किती, हा प्रश्न पुष्कळ पाहुण्यांच्या मनाला टोचला असला पाहिजे. आपण खरोखर तसे केले असते काय?

गँडरला अशा प्रसंगांची मुळीच सवय नव्हती असेही नाही. १८ सप्टेंबर १९४६ रोजी सबीना या बेल्जियन कंपनीचे विमान तळापासून काही मैलांवर अरण्यात कोसळले. चव्वेचाळीसांपैकी अठरा जण जिवंत राहिले. त्यांना त्या दलदलीतून काढावे कसे? हेलिकॉप्टर हे यंत्र तेव्हा नवे होते. अमेरिकेतून दोन हेलिकॉप्टरे सुटी करून मोठ्या विमानांतून गँडरला आणली, पुन्हा जोडली, आणि त्या अठरांना उचलून आणले. १२ डिसेंबर १९८५ रोजी अमेरिकन सैनिकांना नाताळासाठी घरी घेऊन जाणारे विमान उड्डाण करताच पडले आणि आतील २५६ जणांपैकी एकही वाचला नाही. तो ज्वाळांचा प्रकाश गावाने पाहिलेला होता. सरोवराच्या बाजूस उतारावर त्यांचे स्मारक आहे. विमान म्हणजे काय आणि विमानातील माणूस म्हणजे काय, हे या गावाला कोणी शिकवावयास नको होते.

बासबाईंच्या स्वतःच्या वाट्यास या पाहुणचाराचा मोठा भाग आला नाही. त्यांचे उतारू निरनिराळ्या गावी मेजवान्या झोडीत, जाळ्यांच्या आणि होड्यांच्या गोष्टी ऐकत, कॉड माशाचे चुंबन घेऊन व रमचा प्याला पिऊन ‘मानद न्यूफाउंडलंडकर’ होत होते. हा तेथील गमतीचा विधी आहे. कप्तानाला मात्र हॉटेल सोडून फार दूर जाता येत नव्हते. कोणत्या क्षणी निघण्याचा हुकूम येईल याचा नेम नव्हता. शिवाय ‘एरिन’ नावाचे चक्रीवादळ बेटाच्या रोखाने सरकत होते. ते येण्यापूर्वी विमान हलविले पाहिजे ही काळजी. उतारूंना ते दिवस सुटीसारखे वाटले असतील, त्यांच्या कप्तानाला नाही. अखेर आकाश खुले झाले आणि तेच विमान, तेच उतारू घेऊन त्या डॅलसला पोचल्या. आठवड्याच्या अखेरीस गँडरचा तळ पुन्हा रिकामा झाला.

सर्वच गोड होते असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या दिवसांत संशयही तितकाच हिंडत होता. या घटनेवर पुढे जे संगीत नाटक झाले त्यात अली नावाचा एक मुसलमान बल्लवाचार्य आहे; त्याच्याकडे सहप्रवासी तिरप्या नजरेने पाहतात आणि परतीच्या उड्डाणापूर्वी त्याची लाज आणणारी झडती घेतली जाते. त्या पाहुणचाराच्या कथेत लेखकांनी हे पान फाडले नाही, हे बरे केले.

त्या नाटकाची हकीकत अशी. २००१ नंतर दहा वर्षांनी, २०११ च्या सप्टेंबरात, गँडरला पाहुण्यांचा मेळावा भरला. आयरीन सॅन्कॉफ व डेव्हिड हाइन हे कॅनडातील तरुण लेखक-दांपत्य तेथे वह्या घेऊन गेले होते. बासबाईही आल्या होत्या. त्या दोघांनी बाईंना बोलते केले आणि चार तास ऐकले. बाईंना वाटले, गँडरच्या कथेत आपला उल्लेख एखाद्या वाक्यापुरता असेल. नाटकाचे नाव ‘कम फ्रॉम अवे’. न्यूफाउंडलंडच्या बोलीत बाहेरून आलेल्या प्रत्येक माणसाला असे म्हणतात, मग तो शेजारच्या प्रांतातून आलेला असो की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून. आपल्याकडे ‘घाटावरचा’ म्हणतात त्याच सुरात. २०१५ साली कॅलिफोर्नियात त्याचा पहिला प्रयोग झाला. बासबाई पाहावयास बसल्या, आणि एक नटी त्यांच्या नावाने रंगमंचावर पुढे येऊन त्यांच्या सबंध आयुष्याचे गाणे गाऊ लागली : मृतदेहांची विमाने, पुरुषांची कुचेष्टा, कप्तानाची टोपी, आणि तो मंगळवार. हे आधी कोणी सांगितलेले नव्हते. बाईंना रडू आवरले नाही. १२ मार्च २०१७ रोजी नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले व पाच वर्षांहून अधिक काळ चालले. दिग्दर्शक ख्रिस्तोफर अ‍ॅश्ली यांना त्यासाठी टोनी पारितोषिक मिळाले. बासबाईंनी ते शंभराहून अधिक वेळा पाहिले आहे. आपलीच गोष्ट शंभर वेळा पाहण्यात आत्मप्रौढी आहे असे कोणी म्हणेल. पण ज्या दिवसांत त्यांना हॉटेलच्या खोलीत घड्याळाकडे पाहत बसावे लागले, त्या दिवसांत गावात काय काय चालले होते ते त्यांनी नाटकगृहात बसूनच पुरते पाहिले, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

त्यातील एक प्रवेश सांगण्याजोगा आहे. आफ्रिकेतून आलेले एक जोडपे बसमधून उतरावयास तयार नाही. समोर मुक्तिफौजेच्या गणवेशातील माणसे उभी आहेत आणि गणवेश म्हटला की त्यांना सैनिक आठवतात. त्यांना इंग्रजी येत नाही, बसचालकाला त्यांची भाषा येत नाही. बाईच्या हातात बायबल आहे. चालक ते मागून घेतो. त्यातले अक्षर त्याला कळत नाही, पण अध्यायांचे व ओव्यांचे आकडे सर्व भाषांत तेच. तो फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहाव्या ओवीवर बोट ठेवतो. तेथे चिंता न करण्याविषयी सांगितलेले आहे. नवराबायको ओवी वाचतात आणि खाली उतरतात.

त्या चार-पाच दिवसांनी मागे ठेवलेल्या खुणा निरनिराळ्या आहेत. लुइसपोर्टला राहिलेल्या एका विमानातील उतारूंनी परतीच्या वाटेवर, आकाशातच, त्या गावच्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्गणी काढली. विमान उतरण्यापूर्वी आकडा पंधरा हजार डॉलरांवर गेला होता, आणि त्या निधीतून पुढे वर्षानुवर्षे मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीने २००२ साली आपल्या एका विमानास ‘गँडर-हॅलिफॅक्स’ असे नाव दिले. एक इंग्रज गृहस्थ आणि टेक्सासची एक बाई यांची गाठ तेथील आश्रयस्थानी पडली. पुढल्या वर्षी त्यांनी विवाह केला आणि मधुचंद्रास गँडरलाच गेली. दुसरीही एक गोष्ट आहे. न्यूयॉर्कची एक माता त्या दिवसांत गँडरच्या एका सभागृहात दूरध्वनीपाशी बसून होती. तिचा मुलगा अग्निशामक दलात होता. गावातील एक बाई, जिचा मुलगाही त्याच कामावर होता, तिला विनोद सांगून हसवीत बसे. तो मुलगा परत आला नाही. त्या दोघी पुढे मैत्रिणी झाल्या.

कप्तान बास २००८ साली अमेरिकन एअरलाइन्समधून निवृत्त झाल्या. त्यानंतरही त्यांनी खाजगी विमाने चालविली. व्याख्यानांतून त्या गँडरविषयी सांगत असतात, आणि ऐकावयास आलेल्यांत वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलीही असतात. समुद्रावरून पश्चिमेस येणारे चालक अजून गँडरला हाक देतात. उंची विचारून घेतात, आणि पुढे जातात.